रूळ जेथे एकत्र येतात : चित्रातील यथार्थदर्शन



चित्रकलेविषयी बोलावयास मी उभा राहिलो, हे पाहून आपल्यापैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. मी चित्रकार नाही. हमालांच्या आणि ऊसतोडणी मजुरांच्या संघटनेत माझे आयुष्य गेले. माझे शाळेतले शिक्षण सातवीपाशी थांबले. पुढचे जे काही झाले ते रात्री कंदिलापाशी आणि नंतर विजेच्या दिव्यापाशी. मग हा विषय मी का घेतला? कारण एका चित्राने मला एकदा चांगलेच फसविले, आणि माझ्यामुळे माझ्या माणसांना फसविले. ती हकीकत मी शेवटाकडे सांगणार आहे. तोपर्यंत आपण विषय समजावून घेऊ, म्हणजे फसगत कोठे झाली ते आपल्याच ध्यानात येईल.

इंग्रजीत ज्याला पर्स्पेक्टिव्ह म्हणतात त्याला आपल्याकडे चित्रकलेचे शिक्षक यथार्थदर्शन म्हणतात. सपाट कागदावर खोली, अंतर आणि लहानमोठेपणा डोळ्याला दिसतो तसा दाखविण्याची ही रीत होय. नाव भारदस्त आहे. पण गोष्ट रोजच्या पाहण्यातली आहे. कारखान्याच्या वजनकाट्यासमोर उसाच्या गाड्यांची रांग लागलेली आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहे. रांगेच्या शेवटी उभ्या असलेल्या गाडीवानाला स्वतःच्या बैलांची शिंगे आभाळाला टेकलेली दिसतात आणि काट्यावरची पहिली गाडी काडेपेटीएवढी दिसते. ती गाडी काडेपेटीएवढी नाही हे त्याला ठाऊक असते. तरी डोळ्याला ती तशीच दिसते. डोळ्याला दिसते ते आणि मनाला ठाऊक असते ते, या दोहोंमधला हा फरक ध्यानात घेतला की यथार्थदर्शनाचा निम्मा विषय समजला असे म्हणावयास हरकत नाही.

चित्रकलेच्या पुस्तकांत या विषयाचे पहिले उदाहरण बहुधा रेल्वेच्या रुळांचे असते. परळीकरांना रूळ पूर्वीपासून परिचयाचे आहेत. बीड शहराला मात्र पहिली गाडी १७ सप्टेंबर २०२५ रोजी मिळाली. पिढ्यान्‌पिढ्या ज्या रुळांची वाट पाहिली ते आता आपल्या दारात आहेत, तेव्हा त्यांचा उपयोग प्रवासाबरोबर शिकण्यासाठीही करू. फलाटाच्या टोकाला सुरक्षित जागी उभे राहून दूरवर पाहा. दोन्ही रूळ हळूहळू जवळ येतात आणि जेथे आभाळ जमिनीला टेकते तेथे एका बिंदूत मिळून जातात. प्रत्यक्षात ते कधीही मिळत नाहीत. मिळाले तर गाडी घसरेल. आपल्या मोठ्या मार्गावर दोन रुळांमधले अंतर १,६७६ मिलिमीटर, म्हणजे साडेपाच फूट असते, आणि तेवढेच ते सबंध मार्गावर राखलेले असते.

मग ते मिळाल्यासारखे का दिसतात? याचे उत्तर समजण्यासाठी एक काच मनात धरा. आपण खिडकीच्या काचेमागे उभे आहोत, एक डोळा मिटला आहे आणि दुसरा डोळा काचेपासून बरोबर अर्धा मीटर अंतरावर स्थिर आहे. बाहेरच्या वस्तूच्या प्रत्येक बिंदूपासून प्रकाशाचा किरण सरळ रेषेत आपल्या डोळ्याकडे येतो. प्रकाश वस्तूकडून डोळ्याकडे येतो, डोळ्यातून बाहेर जात नाही, हे सुमारे एक हजार वर्षांपूर्वी इब्न अल्‌-हैथम या बसऱ्याच्या विद्वानाने प्रयोगांनिशी मांडले. तो किरण वाटेत काचेला जेथे भेदतो तेथे ठिपका द्या. असे सर्व ठिपके जोडले की काचेवर जे उमटेल तेच यथार्थदर्शनाचे चित्र. यापलीकडे त्यात काही गूढ नाही.

आता थोडा त्रैराशिकाचा हिशेब करू. काचेवरची लांबी काढावयाची असेल तर वस्तूची खरी लांबी घ्या, तिला डोळ्यापासून काचेपर्यंतच्या अंतराने गुणा आणि डोळ्यापासून वस्तूपर्यंतच्या अंतराने भागा. रुळांमधले अंतर १,६७६ मिलिमीटर. दहा मीटरांवर हे अंतर काचेवर सुमारे ८४ मिलिमीटर भरते. शंभर मीटरांवर ते ८.४ मिलिमीटर होते. एक किलोमीटरवर ते एका मिलिमीटरहूनही कमी, म्हणजे पेन्सिलीच्या एका रेघेत मावेल इतके उरते. अंतर दहापट झाले की दिसणारी लांबी दहावा हिस्सा होते. रूळ मिळत नाहीत. त्यांच्यातले अंतर डोळ्याला वेगळे ओळखता येणार नाही इतके लहान होते. ज्या बिंदूत ते मिळाल्यासारखे दिसतात त्याला आपण लोपबिंदू म्हणू, कारण रेषा तेथे लोपतात.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते. समजा, आपला डोळा जमिनीपासून दीड मीटर उंच आहे. डोळ्याच्या समोर, त्याच उंचीवर काचेवर एक आडवी रेघ ओढा. आता दहा मीटर दूरची जमीन काचेवर त्या रेघेच्या ७५ मिलिमीटर खाली दिसेल. वीस मीटर दूरची साडेसदतीस मिलिमीटर खाली, तीस मीटर दूरची पंचवीस मिलिमीटर खाली आणि चाळीस मीटर दूरची पावणेएकोणीस मिलिमीटर खाली. म्हणजे जमीन जसजशी दूर जाते तसतशी ती चित्रात वर चढते, आणि चढतचढत डोळ्याच्या रेघेपाशी येऊन थांबते. ती तिच्यावर कधीच जात नाही. ही जी डोळ्याच्या उंचीची रेघ तीच क्षितिजरेषा. उलट, डोक्यावरून जाणाऱ्या विजेच्या तारा दूर जाताना खाली उतरतात आणि त्याच रेषेपाशी येतात. डोळ्याच्या वरचे खाली येते, डोळ्याच्या खालचे वर जाते. दोहोंची गाठ क्षितिजरेषेवर पडते.

वरचे आकडे पुन्हा पाहा. पहिल्या दहा मीटरांना काचेवर साडेसदतीस मिलिमीटर जागा मिळाली, पुढच्या दहा मीटरांना साडेबारा आणि त्यापुढच्यांना फक्त सव्वासहा. म्हणून रुळांखालचे स्लीपर जवळ मोकळे आणि दूर दाटीने दिसतात. नवशिक्या मुलगा चित्रात खांब काढतो तेव्हा त्यांची उंची कमी करतो, पण दोन खांबांमधले अंतर सारखेच ठेवतो. त्यामुळे चित्र खोटे वाटते आणि का वाटते ते त्याला कळत नाही. त्यासाठी एक सोपी युक्ती आहे. पहिला आणि दुसरा खांब काढा. खांबांचे शेंडे, मध्य आणि पाय यांवरून लोपबिंदूकडे तीन रेषा न्या. आता पहिल्या खांबाच्या शेंड्यापासून दुसऱ्या खांबाच्या मध्यातून जाणारी तिरपी रेषा खाली न्या. ती पायाच्या रेषेला जेथे मिळेल तेथे तिसरा खांब उभा करा. चौथा, पाचवा असेच. गणित न करता पट्टीने बरोबर अंतर मिळते.

क्षितिजरेषा आपल्याबरोबर चालते, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. खाली बसलात तर ती खाली बसते. गच्चीवर गेलात तर ती गच्चीवर येते. धारूरच्या घाटात वरच्या वळणावर उभे राहून खालच्या मुलखाकडे पाहा. शेते, वस्त्या, झाडे सारे पायाशी पसरलेले असते, तरी क्षितिज आपल्या डोळ्याच्याच उंचीला उभे राहिलेले दिसते. यातून एक फार उपयोगाचा नियम मिळतो : सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या प्रत्येक वस्तूला क्षितिजरेषा एकाच उंचीवर छेदते, आणि ती उंची म्हणजे पाहणाऱ्याच्या डोळ्याची उंची. माझा डोळा पाच फुटांवर असेल तर जवळच्या माणसाला, दूरच्या माणसाला, दाराला आणि झाडाला क्षितिजरेषा पाच फुटांवरच छेदील. बाजारातल्या गर्दीत उभे राहून पाहा. आपल्याएवढ्या उंचीच्या सर्वांचे डोळे, जवळचे असोत वा दूरचे, एका रेषेत दिसतात. फक्त पाय वरखाली होतात. हा नियम मनात ठेवा. माझ्या हकीकतीची किल्ली तोच आहे.

रस्त्याच्या मध्यावर उभे राहून सरळ पाहिले तर एकच लोपबिंदू पुरतो. पण घराच्या कोपऱ्यासमोर उभे राहिलात तर एका भिंतीच्या आडव्या रेषा डावीकडे आणि दुसऱ्या भिंतीच्या उजवीकडे पळतात. तेव्हा लोपबिंदू दोन होतात. दोन्ही मात्र एकाच क्षितिजरेषेवर. परळीच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमणीच्या जवळ जाऊन मान वर करून पाहिले तर उभ्या कडाही वरच्या बाजूला जवळ येतात. तो तिसरा बिंदू. बीडच्या कंकालेश्वराच्या देवळात याचे सुंदर प्रात्यक्षिक मिळते. देऊळ कुंडाच्या मध्यभागी उभे आहे. पाणी स्थिर असेल तेव्हा काठावर उभे राहून पाहा. देवळाच्या आडव्या थरांच्या रेषा ज्या दिशेला पळतात त्याच दिशेला पाण्यातल्या प्रतिबिंबाच्या रेषाही पळतात, आणि दोहोंचा लोपबिंदू एकच असतो. हे पाहण्यासाठी पैसे पडत नाहीत, फक्त थांबावे लागते.

ही रीत नियमाने मांडली गेली ती इटलीतील फ्लॉरेन्स शहरात. फिलिप्पो ब्रुनेलेस्की हा पेशाने सोनार म्हणून तयार झालेला कारागीर. त्याने पंधराव्या शतकाच्या आरंभी तेथील बाप्तिस्माघराचे चित्र एका फळीवर काढले आणि फळीला एक भोक पाडले. पाहणाऱ्याने फळीच्या मागून त्या भोकाला डोळा लावावयाचा आणि समोर धरलेल्या आरशात चित्राचे प्रतिबिंब पाहावयाचे. आरसा बाजूला केला की खरी इमारत दिसे. भोकाचे मर्म आपल्या ध्यानात आले असेल : डोळा ठराविक जागी असेल तरच चित्र आणि इमारत जुळणार. पुढे लेओन बात्तिस्ता आल्बेर्ती याने १४३५ साली चित्रकलेवरील ग्रंथात हे नियम लिहून काढले आणि चित्राला खिडकीची उपमा दिली. आपली मघाची काच ती हीच.

याचा अर्थ आपल्या चित्रकारांना दिसत नव्हते असा कोणी काढू नये. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रात क्षय आणि वृद्धी यांचा विचार आहे. अंग वळले म्हणजे त्याचा कोणता भाग आखूड आणि कोणता मोठा दिसतो हे त्या शास्त्रकारांना चांगले माहीत होते. अजिंठ्याला जाल तेव्हा पहिल्या आणि सतराव्या लेण्यातील भिंतींपुढे थोडा वेळ उभे राहा. पंधराशे वर्षांपूर्वीच्या त्या चित्रांत खांबांचे मंडप आहेत, महाल आहेत, दारे आहेत. परंतु एक मंडप एका बाजूने पाहिलेला, शेजारचा दुसऱ्या बाजूने. राजा मोठा, सेवक लहान. तो दूर उभा आहे म्हणून नव्हे, तर तो सेवक आहे म्हणून. अजिंठ्याचा चित्रकार आपल्याला एका जागी खिळवून ठेवीत नाही. भिंतीजवळून चालत चालत कथा वाचावी, अशी त्याची इच्छा आहे. चालणाऱ्या माणसाला एक लोपबिंदू कसा पुरेल? वारली चित्रांचेही तसेच आहे. लग्नाचा चौक, नाचाचे वर्तुळ, शेत, झाड ही सर्व एकाच भिंतीवर आपापल्या उत्तम बाजूने दिसतात. या रीती अडाणी नव्हेत. त्यांचा प्रश्न वेगळा होता, म्हणून उत्तर वेगळे आले.

महाराष्ट्रात युरोपी रीत आली तिची हकीकत मला विशेष प्रिय आहे, कारण तिच्यातही कारागीर आहे. सवाई माधवरावांच्या काळात पुण्याच्या दरबारी सर चार्ल्स मॅलेट हा इंग्रजांचा वकील होता. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९१ साली मुंबईस आला आणि पुढे पुण्यात राहिला. त्या दिवसांत शनिवारवाड्यात चित्रकला शिकविण्याची सोय झाली, आणि युरोपी रीत शिकलेल्यांत गंगाराम तांबट हे नाव आपल्याला मिळते. आडनावच धंदा सांगते. या गंगारामाने १७९० साली पेशव्यांच्या प्राणिसंग्रहातील गेंडा चितारला, आणि मॅलेटसाठी वेरूळच्या लेण्यांची चित्रे काढली. डोंगर पोखरून कोरलेले खांब एकामागे एक कसे लहान होत जातात, छत कसे उतरते आणि जमीन कशी चढते, हे कागदावर उतरविणे सोपे नव्हते. वेरूळची जी भव्य चित्रे १८०३ साली लंडनमध्ये टॉमस डॅनियलने प्रसिद्ध केली ती वेल्सच्या रेखाटनांवरून, म्हणून नाव वेल्सचे आणि डॅनियलचे झाले. गंगारामाचे नाव अभ्यासकांना ठाऊक आहे. पण वेरूळ आपल्या मराठवाड्यात असूनही आपल्या शाळांतून ते फारसे ऐकू येत नाही. ते ऐकू यावे असे मला वाटते.

पुढे १८५७ साली मुंबईत सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टची स्थापना झाली. तेथील जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून १८८५ पर्यंत आपल्या विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करून घेतल्या. पेस्तनजी बोमनजी हे त्या विद्यार्थ्यांपैकी एक. ज्यांना शाळेत एकच लोपबिंदू शिकविला गेला ते तरुण लेण्यांच्या अंधारात बसून अनेक दिशांनी पाहणाऱ्या पूर्वजांची रीत रेघेरेघेने गिरवीत होते, हा योग विचार करण्यासारखा आहे. १८९४ साली राजा रविवर्मा यांनी मुंबईत छापखाना काढला. तो नंतर लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. तेथून निघालेल्या देवादिकांच्या तसबिरींनी मागे दूर जाणारे खांब, फरसबंदी आणि डोंगर सामान्य माणसाच्या घराच्या भिंतीवर आणले. नाटकगृहांतही हेच घडले. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर, म्हणजे बाबूराव कृष्णराव मेस्त्री, आणि त्यांचे नात्यातले बंधू आनंदराव हे कोणत्याही कलाशाळेत न शिकलेले मिस्त्रीघराण्यातले कारागीर. संगीत नाटक मंडळ्यांचे रंगीत पडदे त्यांनी रंगविले. सपाट कापडावर राजमहालाची लांबच लांब ओवरी दिसे आणि प्रेक्षक थक्क होत. आनंदराव १९१६ साली वारले. बाबूरावांनी १९१८ साली स्वतः चित्रपटाचा कॅमेरा तयार केला. काचेवरचे चित्र आणि कॅमेऱ्यातले चित्र यांचे नाते ज्याच्या हाताला कळले होते त्यालाच हे सुचावे, यात नवल नाही.

आता माझी हकीकत. काही वर्षांपूर्वी आमच्या हमाल बांधवांसाठी घरांची एक योजना पुढे आली. योजना आणणाऱ्यांचे नाव येथे घेण्याचे प्रयोजन नाही. त्यांनी एक मोठे रंगीत चित्र दिले. रुंद रस्ता, दोन्ही बाजूंना घरांची रांग, झाडे, फिरणारी माणसे. मला ते इतके आवडले की मी ते दोन्ही हातांनी उंच धरून सभेत सांगितले, "बघा, अशी घरे होणार आहेत." माझ्या शब्दावर लोकांनी पहिला हप्ता भरला. कोणी बायकोचे डोरले मोडले, कोणी मुकादमाकडून उचल घेतली. सभा संपल्यावर धान्य निवडणाऱ्या बायकांतल्या एका मावशी चित्राजवळ आल्या, बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "अण्णा, चित्रात समदं हाय, पर पान्याचा टँकर कुठून वळायचा?" मी हसून म्हणालो, "मावशी, एवढा मोठा रस्ता दिसत नाही का?"

रात्री तो प्रश्न मला झोपू देईना. आमच्या गल्लीत एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर राहत. त्यांच्याकडे चित्र घेऊन गेलो. त्यांनी पट्टी घेतली, घरांच्या छपराच्या कडा आणि रस्त्याच्या कडा पेन्सिलीने लांबविल्या. त्या सर्व एका बिंदूत मिळाल्या. त्या बिंदूतून त्यांनी आडवी क्षितिजरेषा ओढली. ती प्रत्येक घराच्या दाराला बरोबर अर्ध्यावर छेदून गेली. मास्तर म्हणाले, "दार सात फुटांचे धरले तर पाहणाऱ्याचा डोळा साडेतीन फुटांवर आहे. हरकत नाही, बसून पाहिले असेल. आता माणसे बघा." चित्रातल्या सर्व माणसांची डोकी त्या रेषेला टेकत होती. म्हणजे चित्रातले प्रत्येक प्रौढ माणूस साडेतीन फूट उंच होते! मास्तरांनी तोच हिशेब उलट करून दाखविला. माणूस साडेपाच फुटांचा धरला तर दार अकरा फुटांचे होईल. मग त्यांनी रस्त्यात उभ्या असलेल्या एका माणसाच्या पायापाशी रस्त्याची रुंदी मोजली. ती त्या माणसाच्या उंचीच्या चौपट भरली. माणूस खरा मानला तर रस्ता बावीस फूट; दार खरे मानले तर रस्ता फक्त चौदा फूट. आपण नकळत माणसावरून मोजतो, कारण माणसाची उंची आपल्याला पाठ असते. चित्रकाराने घरे मोठी केली नव्हती. त्याने माणसे लहान केली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही अंकांसह नकाशा मागितला. तो हाती येण्यास चार महिने लागले. त्यात रस्ता चार मीटर होता, म्हणजे सुमारे तेरा फूट. टँकर त्या रस्त्यात शिरला असता, पण वळला नसता. ज्यांनी हप्ता भरला होता त्यांचे पैसे सोडविण्यात पुढची दोन वर्षे गेली. मावशींनी स्वतः हप्ता भरला नव्हता. त्या मला कधीही टाकून बोलल्या नाहीत. पण त्यानंतर संघटनेत कोणतेही चित्र आले की मी ते आधी त्यांना दाखवीत असे.

या हकीकतीतून चित्र खोटे आणि नकाशा खरा असा निष्कर्ष कोणी काढू नये. नकाशा वरून सरळ पाहतो. त्यात लोपबिंदू नसतो, सर्व अंतरे एकाच प्रमाणात असतात, म्हणून तो मोजण्यासाठी असतो. पण नकाशात दारातून आत शिरल्यावर कसे वाटेल हे कळत नाही. ते यथार्थदर्शन सांगते. दोन्ही हवीत, आणि चित्र पाहताना दोन प्रश्न विचारण्याची सवय हवी : पाहणाऱ्याचा डोळा कोठे आहे, आणि चित्रातले माप कशावरून धरावयाचे आहे?

छायाचित्रालाही हेच लागू आहे, कारण कॅमेरा म्हणजे एक डोळा मिटून काचेमागे उभा राहिलेला माणूसच. एकदा आमच्या एका मोर्चाची दोन छायाचित्रे छापून आली. एकात छायाचित्रकाराने दूर उभे राहून, दूरचे जवळ आणणाऱ्या भिंगातून समोरून टिपले होते. डोक्याला डोके लागून रस्ता माणसांनी भरून गेलेला दिसत होता. दुसरे गच्चीवरून घेतलेले. माणसांमधली मोकळी जागा स्पष्ट दिसत होती. आमच्यातले तरुण पहिल्याला खरे आणि दुसऱ्याला लबाड म्हणू लागले. मी त्यांना सांगितले, दोन्ही खरी आहेत. खालून, दुरून पाहिले की पुढची रांग मागच्या रांगेतली मोकळी जागा झाकते, आणि मागची माणसे पुढच्यांपेक्षा फारशी लहान दिसत नाहीत. वरून पाहिले की जमीन उघडी पडते. किती माणसे होती ते मोजावयाचे असेल तर गच्चीवर जा, मग ते चित्र आपल्याला अडचणीचे असो वा सोयीचे. आपल्या बाजूच्या चित्रालाही ते दोन प्रश्न विचारले पाहिजेत. नाहीतर दुसऱ्याला विचारण्याचा अधिकार आपल्याला राहत नाही.

आपल्या मुलांपैकी पुष्कळजण एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या रेखाकलेच्या परीक्षांना बसतात. त्यांची वही एकदा मागून घ्या. आणि घरी गेल्यावर हा प्रयोग करा. खिडकीच्या काचेवर साबणाच्या ओल्या वडीने रेघ उमटते. एक डोळा मिटा, हनुवटी एखाद्या उशीवर टेकून डोके स्थिर ठेवा, आणि समोरच्या घराच्या कडा काचेवर गिरवा. रस्त्यावर उभे असलेल्या दोनतीन माणसांच्या डोक्यांच्या जागा ठिपक्यांनी दाखवा. नंतर पट्टीने आडव्या कडा लांबवून लोपबिंदू शोधा आणि त्यातून क्षितिजरेषा ओढा. ती आपल्या डोळ्याच्या उंचीलाच येईल. मग तेथून एक पाऊल बाजूला सरका. काचेवरच्या रेघा आणि घर यांची फारकत झालेली दिसेल. घर हलले नाही, रेघा हलल्या नाहीत, आपण हललो.

माझे शिक्षण तोकडे आहे, म्हणून मांडणीत काही उणे राहिले असेल तर येथे बसलेल्या कलाशिक्षकांनी ते पुरे करावे.